मे महिन्यातली शेगडी

आमच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेली आणि पिशवी शाबूत असलेली बाई शोधणं सोपं नाही. पिशवी म्हणजे भाजीची नव्हे. गर्भाशयाला गर्भाशय फक्त पुस्तकात म्हणतात. बोलताना ती पिशवीच, आणि तिला वागवतातही पिशवीसारखंच. काम झालं, झटकली, टाकून दिली. समोरच्या काकूंची पस्तिसाव्या वर्षी गेली, कोपऱ्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंची अडतिसाव्या. माझ्या सासूबाईंनी तर उमरेडला राहत असताना तिशीच्या आतच काढून घेतली होती, आणि हे त्या अशा थाटात सांगायच्या, जणू तालुक्यात पहिल्या आल्या होत्या.

"पंधराव्या दिवशी मी कांड्या भरायले बसली होती," त्या म्हणायच्या. तेव्हा त्यांच्या घरी हातमाग होता आणि मागाला लागणारं सूत कांड्यांवर गुंडाळायचं काम बायांकडे असे. "एक लेकरू झालं, मंग पिशवी साफ. काही झंझट नाही. ना रहेगा बांस, ना बजेगी बांसुरी."

ते एक लेकरू म्हणजे माझा नवरा. तो बसच्या आगारात कामाला आहे. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर जाईल हे ठरवतो, आणि घरात काहीच ठरवत नाही.

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. दहावीला प्रजननाचा धडा आला की माझा एक ठरलेला डाव असायचा. फुलातल्या पुंकेसर-स्त्रीकेसरावर तीन तास घालवायचे, परागकणांवर जीव ओवाळून टाकायचा, आणि माणसाची आकृती आली की घड्याळाकडे बघून म्हणायचं, "उरलेलं घरी वाचून या." मुली वहीत तोंड लपवायच्या, पोरं खोकायची, मी डस्टर आपटायची, धडा संपायचा. मला याची लाज वाटत नव्हती. मला शिकवणाऱ्या बाईंनीही हेच केलं होतं. घराण्याची गायकी असते तशी ही आमची.

दोन वर्षांपूर्वी शाळेत शिक्षिकांची आरोग्य तपासणी झाली. रक्त, साखर, थायरॉइड, आणि पडद्याआड गर्भाशयाच्या तोंडाचा एक नमुना. मी पडद्याआड गेले ते केवळ रांगेत माझ्या पुढे मुख्याध्यापिका होत्या आणि त्या गेल्या म्हणून. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, आणि शेवटच्या ओळीत एचपीव्ही पॉझिटिव्ह. खाली छापलं होतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. ही ओळ मी स्टाफरूममध्ये उभ्यानं चारदा वाचली आणि पाकीट नववीच्या चाचणी पेपरांच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवलं. तिथं कुणीही हात घालत नाही, मीसुद्धा.

आठवड्यानं पेपर तपासायला घेतले तेव्हा ते पुन्हा हाती लागलं. मग सदर भागातल्या एका डॉक्टरचा पत्ता मिळवला आणि एकटीच गेले. दाराबाहेर चपला काढल्या, आत शिरले, तर खुर्चीतली डॉक्टर ताडकन उठून उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही?"

तिसऱ्या बाकावरची, पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारी मुलगी. चेहरा तोच, फक्त वेण्या गेल्या होत्या.

"तू डॉक्टर झालीस?"

"हो मॅडम. तुम्ही तो धडा घरी वाचून या म्हणाला होतात ना? मी वाचला."

हा टोमणा होता की खरंखुरं उत्तर, मला आजही कळलेलं नाही.

मग जिला मी वर्गात सरळ बस म्हणून शंभरदा ओरडले होते, ती मला म्हणाली, "मॅडम, खाली सरका. आणखी खाली. पाय सैल सोडा. नाही मॅडम, हे सैल नाही." टेबलावर पडून छताकडे बघताना मला तिचे दहावीतले मार्क आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. तपासणाऱ्याचे मार्क आपल्याला माहीत असले की जरा धीर येतो.

ती काम करता करता समजावत होती. हा व्हायरस काही खास माणसांना होत नाही. संबंध आलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांचं शरीर त्याला आपलं आपण घालवून देतं.

"म्हणजे सुंठीवाचून खोकला जातो," मी छताला म्हटलं.

"हो. पण काहींच्या बाबतीत तो मुक्काम ठोकतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलायला लागतात. तुमच्या बदलल्यात का, ते बघायचंय."

तीही पिशवीच म्हणाली. एवढं शिकून काय उपयोग.

तिनं कापसाच्या बोळ्यानं आत सिरका लावला. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतो, तोच, जरा सभ्य असेल. बदललेल्या पेशी सिरक्यानं पांढऱ्या पडतात म्हणे. बाजूच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. "मॅडम, बघायचं?" तिनं विचारलं. चव्वेचाळीस वर्षं जे माझ्या आत होतं, जे फळ्यावर काढायला मी वीस वर्षं टाळलं होतं, ते तिथं होतं. गुलाबी, गोल, मधोमध खळी. हलवायानं अंगठा दाबून ठेवलेला पेढा असतो ना, अगदी तसं. तेव्हापासून मी पेढा खाताना जरा थबकते. खळीच्या एका कडेला दह्याचा थेंब सांडल्यासारखा पांढरा डाग होता.

"हा," ती म्हणाली. तिनं तिथून तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. मला खोकायला सांगितलं आणि मी खोकले तेवढ्यात काढलासुद्धा. वर्गात खोकणारी पोरं मला त्या क्षणी आठवली.

रिपोर्टला आठवडा लागणार होता. तो आठवडा मी घाबरून काढला. विनोद करते आहे म्हणून कुणी असं समजू नये की मी तेव्हाही हसत होते. मेथी निवडताना हात थांबायचे. मुलगा पुण्याला शिकतो, त्याचा फोन आला की मी आवाज इतका गोड करायची की तो विचारायचा, "काही झालंय का?" मला मरायचं नव्हतं. आमच्या घरात देव नाहीत. सासऱ्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथंच दीक्षा घेतली आणि ते सगळं सोडलं. भिंतीवर दोन फोटो आहेत आणि ते दोघेही नवसाला पावणाऱ्यांतले नव्हेत. उलट स्वतः विचार कर म्हणणारे. इतर वेळी मला याचा अभिमान असतो. त्या आठवड्यात मात्र एखादा नारळ तरी फोडता आला असता तर बरं, असं वाटून गेलं.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. संबंधातून येतो, हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी डबा भरताना मागून आवाज आला.

"मी नाही आणला."

"मग मी आणला का इतवारीच्या बाजारातून? होलसेलमध्ये?"

"तसं नाही म्हणून राहिलो मी."

"मग कसं म्हणून राहिलात?"

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, हा कधी आला, कुणाकडून आला, हे शोधता येत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो. लग्नाआधीचा असेल, त्याचा असेल, माझा असेल. त्याचं लग्नाआधी काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. माझं काय होतं ते त्यानं विचारलं नव्हतं. बावीस वर्षं आम्ही एकमेकांचा हा धडा घरी वाचायला सोडून दिला होता. पोळ्यांकडे बघत तो म्हणाला, "जाऊ दे. रिपोर्टच्या दिवशी मी सुट्टी टाकतो." आमच्या घरात याला प्रेम म्हणतात.

रिपोर्टच्या दिवशी सासूबाईही निघाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "तुम्ही दोघं भोयसट हा," म्हणाल्या. "डाक्टर काही बी सांगते अन् तुम्ही मुंडी हालवता."

डॉक्टरनं कागद पुढे ठेवला. कॅन्सर नाही, हे तिनं आधी सांगितलं. मुलगी हुशार आहे. पण पेशींत बदल आहेत आणि ते दुसऱ्या पायरीचे आहेत. दुसरी पायरी म्हणजे काय, हे सांगायला तिला नेमका सासूबाईंच्या गावचा रस्ताच सापडला.

"समजा कॅन्सर म्हणजे उमरेड. तुम्ही नागपूरहून निघालात आणि आता दिघोरी नाक्यावर उभ्या आहात. उमरेड अजून लांब आहे. कितीतरी जणी दिघोरीहूनच परत फिरतात. पण तुम्हाला तिथं उभं ठेवून गाडीची वाट बघण्यापेक्षा परत आणलेलं बरं."

नवऱ्यानं मान डोलावली. बसच्या भाषेत त्याला सगळं कळतं. सासूबाई मात्र पदर सावरून पुढे सरकल्या.

"कॅन्सर म्हणजे उमरेड काहून वं बाई? माह्या गावानं काय बिघडवलं तुमचं? काटोल म्हणा ना."

"बरं आजी, काटोल."

"हां. आता सांगा."

तिनं सांगितलं. पहिल्या पायरीचे बदल असते तर काहीच न करता वर्षभर नजर ठेवता आली असती. व्हायरस मारणारं औषध नाही, गोळी नाही, काढा नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. पण बदललेली जागा नष्ट करता येते, चाकू न लावता. एक तर गोठवून, नाही तर तापवून. दोन्ही काही मिनिटांचं काम, भूल नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. डाग पूर्ण दिसत होता, आत खोल शिरलेला नव्हता, म्हणून मला ते चालणार होतं. तसा नसता तर तारेच्या फासानं तेवढा भाग काढावा लागला असता.

"अन् पिशवी?" सासूबाईंनी विचारलं.

"पिशवी राहील."

"काढूनच टाका ना बाई. कायले ठेवता? तिचं काय लोणचं घालाचं हाये का? पोरगा मोठा झाला. आता काय काम तिचं?"

"मग यांच्या केसांचंही आता काय काम आहे, आई?" मी नवऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिथं फार काही उरलेलं नाही. "तेही उपटून टाकू."

"थट्टा नको करू वं. माही काढली, काय झालं मले? पंधराव्या दिवशी..."

"कांड्या भरायले बसल्या," नवरा आणि मी एकदम म्हणालो.

डॉक्टर हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या शरीराबद्दल हा प्रश्न मला याआधी कुणी विचारल्याचं आठवत नाही. बाळंतपणात सासूबाई आणि नर्सनं ठरवलं, तांबी बसवायची ते नवऱ्यानं आणि आणखी एका डॉक्टरनं ठरवलं. सराव नसल्यामुळे उत्तर पटकन आलं नाही. मला आणखी मूल नको होतं. पिशवीवर माझं काही खास प्रेमही नव्हतं. महिन्याच्या महिन्याला तिनं मला पुरेसं छळलं होतं. पण तिळाएवढ्या डागासाठी पोट फाडून घ्यायचं, आणि तेसुद्धा गल्लीत सगळ्यांनी घेतलंय म्हणून? मला त्याचा राग आला. इतका, की भीती जरा मागे सरली.

"गोठव," मी म्हटलं. "मे महिना आहे. नागपुरात कुणाला फुकट गार करून मिळतंय?"

चारच दिवसांनी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, मी गोठवून घेतलं. एका गॅसच्या सिलेंडरला जोडलेली नळी, तिच्या टोकाला बटणासारखी धातूची चकती. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. ओटीपोटात पाळीच्या दुसऱ्या दिवसासारखी कळ आली आणि चेहरा तापला. डॉक्टरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून घड्याळ पाहिलं. "झालं मॅडम. मधली सुट्टी." मग म्हणाली, "आता शेवटचा तास."

नंतर तिनं नवऱ्यालाही आत बोलावून सूचना दिल्या. काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जाईल, घाबरायचं नाही, पॅड वापरायचे. ताप आला, घाण वास आला किंवा खूप रक्त गेलं तर लगेच यायचं. बादल्या उचलायच्या नाहीत. आणि महिनाभर संबंध नाहीत. हे ऐकताना नवरा पंख्याकडे असा बघत होता, जणू पंख्याचीच ड्युटी लावायची होती. एका वर्षानं पुन्हा तपासणी. तोवर खात्रीनं काही सांगता येणार नव्हतं.

घरी आल्यावर खरा इलाज सुरू झाला.

चूक नवऱ्याची. दवाखान्यात तो शब्द आईच्या कानावरून नुसता गेला होता, पण आता तिनं विचारलं, नेमकं काय केलं, तर त्यानं सांगितलं, "गार करून गोठवून टाकलं." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! अंदर बर्फ लावला? त्या जागी? आयुष्यभराची थंडी बसन ना तिच्या आंगात!" बर्फ नव्हे गॅस, हे सांगून उपयोग झाला नाही. गार ते गार. आणि बाईच्या अंगात गार शिरलं की त्याला एकच उतारा त्यांना ठाऊक होता, जो त्यांच्या सासूनं त्यांना दिला होता आणि त्यांनी मला, मुलगा झाला तेव्हा दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले तर माझ्या बाजेखाली शेगडी होती. मे महिन्यात. नागपुरात. बाहेर कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसली होती आणि माझ्या पाठीखाली निखारे फुललेले, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून केलेला धूर. कोळसा, विशेष म्हणजे, उमरेडच्या खाणीचा. म्हणजे डॉक्टरनं मला परत फिरवलं होतं आणि उमरेड आपणहून माझ्या मागे घरी आलं होतं.

"आई, काढा हे! मी भाजून निघाले!"

"पडून राह्य. घाम फुटू दे. आंग मोकळं होते."

मी खिडकी उघडायला उठले तर ओरडल्या. मी ओरडले तर आणखी ओवा टाकला. शेवटी तडजोड झाली: शेगडी दिवसातून एकदाच, खिडक्या उघड्या, कूलर चालू. कूलरसमोर शेगडी ठेवून झोपलेली नागपुरातली मी एकमेव बाई असेन. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून, नाही तर मी पळून शाळेत गेले असते.

शेगडीपाठोपाठ डिंक आला. त्यांनी भर उन्हाळ्यात डिंकाचे लाडू वळले. त्यासाठी खारीक कुटून द्यायला समोरच्या काकूंना सांगितलं, आणि इथूनच गोष्ट हाताबाहेर गेली. बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर, डिंक, खारीक, बादली न उचलणारी सून, आणि सकाळी नळावर रांगेत उभा राहून पाणी भरणारा नवरा. गल्लीनं बेरीज केली. गल्लीची बेरीज कधी चुकत नाही, फक्त उत्तर चुकतं.

मला हे ठाऊकच नव्हतं. नवऱ्याच्या वागण्यात मात्र एक फरक दिसत होता. तो पानठेल्यावरून परतायचा तेव्हा जरा छाती काढून चालायचा. मला नंतर कळलं, तिथं लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून "होते गा असं, पण या वयात, कमाल हाये तुही" असं म्हणत होते. आणि त्यानं ते खोडून काढलं नव्हतं. व्हायरसपेक्षा हे बरं, असा त्याचा हिशेब.

आठव्या दिवशी दुपारी काकू, ब्लाउजवाल्या बाई आणि मागच्या घरातली एक वहिनी, अशा तिघी आल्या. चेहरे पडलेले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे लाडवांचं ताट ठेवलं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"किती महिने झाले होते वं?"

"कायचे महिने?"

"आता लपवतं काहून? आम्ही काय परके हो? पोटातलं गेलं म्हंजे जीवाले लागतेच. पोरगी होती का पोरगा?"

मला समजायला काही क्षण लागले. सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी नजर चुकवली. म्हणजे त्यांनाही ही अफवा ठाऊक होती आणि त्यांनीही ती खोडून काढली नव्हती. माय-लेक एकाच माळेचे मणी.

मग माझा भडका उडाला. एवढे दिवस पाठीखाली निखारे सोसले होते, कधी ना कधी पेटणारच होते. "कुणी गेलं नाही आणि कुणी येणारही नव्हतं," मी म्हटलं. "मला एक व्हायरस झाला होता. तो संबंधातून येतो. मला झाला म्हणजे मी वाईट नाही आणि हेही वाईट नाहीत. तुमच्यापैकी कुणालाही होऊन गेला असेल. पिशवीच्या तोंडावर डाग होता, वाढला असता तर पुढे कधीतरी कॅन्सर झाला असता. तो गोठवला. बास."

ब्लाउजवाल्या बाईंचा लाडू तोंडापाशी थांबला होता. मागच्या घरातली वहिनी दाराकडे बघू लागली. फळ्यावर ती आकृती कधी काढली असती, तर वर्ग असाच दिसला असता.

"दुखलं का?" शेवटी ब्लाउजवाल्या बाईंनी विचारलं.

"पाळीच्या दुसऱ्या दिवसाएवढं."

"अन् पिशवी?"

"आहे जागेवर."

"जागेवर?" त्यांनी लाडू ताटात ठेवला. "मले तं म्हणाले, आज नाही काढली तं उद्या कॅन्सर. मी तं दुसऱ्याच दिवशी जाऊन पडली."

"माही पाळी जास्त जाय म्हून," काकू म्हणाल्या. "बस. बाकी काही नव्हतं."

"तपासलं होतं का?"

"तपासलं असन. मले काय सांगतात?"

मग त्या दोघी बोलत राहिल्या, माझ्याशी नाही, एकमेकींशी. कुणी सांगितलं, कुणी सही केली, नंतर किती वर्षं अंगातून वाफा निघाल्या. मागच्या घरातल्या वहिनीची पिशवी अजून होती. तिनं जाताना हळूच डॉक्टरचा पत्ता मागितला. तिघी गेल्यावर सासूबाईंनी बाजेखालची शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

नवऱ्याला संध्याकाळपर्यंत बातमी कळली. पानठेल्यावरची त्याची इज्जत एका दुपारीत गेली. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाणी मात्र भरत राहिला.

वर्ष गेलं. त्या वर्षी दहावीच्या वर्गात मी ती आकृती फळ्यावर काढली. वाकडी आली, पोरं खोकली, मी खोकू दिलं. आणि वर्षभर रोज, भांडी घासताना, बसमध्ये, पेपर तपासताना, मनात एकच: डाग गेला असेल का? परत आला असेल तर तिळाएवढ्यानं भागेल का, की या खेपेला सगळंच काढावं लागेल? याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. मागे वळून पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या वर्षभरात सासूबाईंनी पंधराव्या दिवशीच्या कांड्यांची गोष्ट एकदाही सांगितली नाही.

पुन्हा मे आला. तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, तर सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभ्या. "चाल," म्हणाल्या.

डॉक्टरनं पाकीट आमच्यासमोरच उघडलं. "मॅडम, व्हायरस नाही. पेशी साफ. पुढच्या वर्षी आणखी एकदा बघू, मग काही वर्षं तोंड दाखवू नका." मला रडू आलं. विद्यार्थिनीसमोर रडू नये हा नियम मी वीस वर्षं पाळला होता, तो तिथं मोडला. तिनं टेबलावरचा कापूस पुढे केला. मी कापसानं डोळे पुसले आणि उठले.

सासूबाई उठल्या नाहीत.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना आजी."

"माही काहून काढली असन?"

डॉक्टरनं पाकीट बाजूला ठेवलं. "काय त्रास होता तेव्हा?"

"आंगावर पांढरं जाय. कंबर दुखे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"असा नमुना घेतला होता? तुकडा काढून तपासला होता?"

"नाही. पाह्यलं अन् म्हणाले, काढा लागते. हिच्या सासऱ्यानं अंगठा देल्ला. एकोणतीसची होती मी."

"कागद आहेत का काही?"

"आमाले कागद कोण देते बाप्पा."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आला की मुलं बाईंकडे बघतात, तसं. मी मान खाली घातली. "आता नक्की नाही सांगता येणार, आजी," ती म्हणाली. "त्यांना काय दिसलं होतं, मला माहीत नाही."

"तरी बी. तुमाले काय वाटते?"

"नुसतं पांढरं जात असेल," ती सावकाश म्हणाली, "तर बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं."

"गोळ्यांनी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून, भाजीच्या, रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि उठल्या.

बाहेर ऊन रणरणत होतं. सदरच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. सासूबाई तेवीस वर्षांत माझ्यासमोर कधी बर्फाचा रस प्यायल्या नाहीत, बाधतो म्हणतात. मी सवयीनं दोन सांगितले, एक बिनबर्फाचा.

"दोन्हीत टाक," त्या म्हणाल्या.

अर्धा ग्लास त्यांनी एका दमात संपवला. मग रस्त्याकडे बघत, शेजारच्या दुकानाची पाटी वाचावी तसं सहज म्हणाल्या, "मले एक पोरगी पाहिजे होती वं."

त्यांच्या हातमागाची, कांड्यांची, पंधराव्या दिवसाची गोष्ट मला पाठ होती, आणि ही एक ओळ त्यांनी तिच्यातून कायम वगळली होती. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला. मग ग्लास रसवाल्यापुढे केला.

"अजून बर्फ टाक गा भाऊ. काही होत नाही."